पंचाहत्तर वॅट

खाण बंद झाली तेव्हा कंपनीने
टेबलं विकली, पंखे विकले, वजनकाटा विकला.
दीड हजाराला मी हा संगणक उचलला.
बारा वर्षं त्याच्यासमोर बसून
डोंगराची मापं टिपली होती,
आणि खुर्ची कुणीतरी आधीच नेली होती.

डिचोलीतल्या घरी तो बरा चालायचा.
विजेचं बिल, पंचायतीचे अर्ज,
शाल्मलीचा बारावीचा निकाल.
पण ती जुनी फाईल उघडली
की पडदा थिजायचा,
डोंगराचा एक कोपरा दिसायचा
आणि बाकीचा करडा.

"कार्ड बदला बाबा," शाल्मली म्हणाली,
"ग्राफिक्स कार्ड. बास."

शुक्रवारी म्हापशाला गेलो.
सुक्या मिरच्यांच्या गल्लीवर, जिन्याच्या टोकाला
आल्विनचं दुकान.
त्याने तीन पंख्यांचं कार्ड काचेवर ठेवलं,
इसवण ठेवतात तसं, डोकं शाबूत,
किंमत न सांगता.
मग माझ्या संगणकाचं साल ऐकलं
आणि उचलून परत आत.
"पोरनें तुजें. हें ताका झेपचें ना.
वीज किती आहे त्याला?"

पंपांची वीज मला पाठ होती, पट्ट्यांचीही.
ह्याची नव्हती.

घरी येऊन झाकण काढलं.
आत लाल माती.
पंख्याच्या पात्यांवर, वायरींच्या वळणात,
फुंकर पोचत नाही तिथंसुद्धा.
वैजयंती म्हणाली, "आधी अंगणात न्या ते."
नेलं. रंगाच्या जुन्या ब्रशने झाडलं.
दोन चिमटी निघाली असेल, जास्त नाही.
कागदात धरून थोडा वेळ उभा राहिलो,
मग अबोलीच्या मुळाशी टाकली.

डब्यावर छापलेलं: दोनशे चाळीस वॅट.
सहा टाचण्यांची जादा वायर नाही.
म्हणजे खाचेतून मिळेल तेवढंच,
पंचाहत्तर.
पेटी अरुंद, तेव्हा पट्टी अर्ध्या उंचीची.
लांबीला आडवा येतो डिस्कचा पिंजरा.
सर्व्हेची टेप काढली, तीस मीटरची,
सोळा सेंटिमीटरसाठी.

पुढच्या शुक्रवारी वहीचं पान आल्विनपुढे ठेवलं.
त्याने ते दोनदा वाचलं.
"आणिक एक. प्रोसेसर म्हातारा तुमचा.
कार्ड कितीही तेज आणा,
ते त्याची वाट बघत बसणार."
ठाऊक आहे, म्हटलं.
शंभर ट्रक, आणि काटा एकच.
पाळीभर रांग बघितलीय मी.

तेव्हा कुठे हसला.
खालच्या खणातून काढलं एक,
वापरलेलं, एका पंख्याचं,
तळहाताहून थोडं मोठं.
तीन हजार सांगितले, अठ्ठावीसशे घेतले,
सात दिवसांची हमी, तीही तोंडी.

खाचेत टक् करून बसलं.
सगळं मोजलं होतं
आणि पडद्याची निळी पिन मोजायची राहिली होती.
ह्या कार्डाला तसलं भोकच नाही.
पुन्हा बस, पुन्हा जिना,
अडीचशे रुपयांचा बोटभर जोड.
आल्विन काही बोलला नाही,
त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

रात्री फाईल उघडली.
डोंगर आला. अख्खा.
माऊस हलवला तसा वळला,
न अडखळता, जणू कुणी हाक मारली.
शाल्मली वाकून बघत होती.
"हा कुठला?"
मी खिडकीकडे बोट करणार होतो.
तिकडे आता हिरवं पाणी आहे,
किती खोल, ते मी सांगू शकतो.
म्हटलं, थांब, ह्या बाजूने बघ,
ह्या टोकावर डबा खायचो आम्ही.
काजूचं एक झाड होतं,
ते नकाशात येत नाही.

पंखा जरा वाजतो. वाजू दे.

त्याच फोल्डरमध्ये
सालवार बारा फाईली आहेत.
ही पहिली.
बाकीच्याही आता सहज उघडतील.